कांदळवन लावायचं की येऊ द्यायचं? रोपं का मरतात, पाणी कसं मोजायचं

खारवारा

समुद्राची पातळी वाढतेय, किनारा खचतोय, तेव्हा कांदळवन हवं, यावर इथे कुणाचं दुमत नसावं. भांडण पुढचं आहे. रोपं लावण्याचे कार्यक्रम धडाक्यात होतात, पण लावलेल्यातलं पाच वर्षांनी काय उरलं हे फारसं कुणी बघत नाही. जिथे बघितलं गेलं तिथलं चित्र असं: फिलिपिन्समध्ये दोन दशकं भरपूर पैसा ओतून झालेल्या लागवडीत रोपं टिकण्याचं प्रमाण १० ते २० टक्क्यांच्या आसपास निघालं. श्रीलंकेत २३ प्रकल्पांच्या जागा तपासल्या, तेव्हा १०००-१२०० हेक्टरपैकी जेमतेम २००-२२० हेक्टरवर काही उभं होतं. नऊ जागी तर एकही रोप नव्हतं.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणतं झाड लावू’ हा नाही. पहिला प्रश्न, ‘इथे ते आपोआप का आलेलं नाही?’ कांदळ आणि तिवर ही कांदळवनातली दोन झाडं. कांदळाच्या शेंगा पाण्यावर तरंगत दूरदूर जातात, तिवराचं बी तर ढिगाने वाहून येतं. जवळ जुनं वन आहे, भरतीचं पाणी खेळतंय आणि तरी जागा उघडीच, तर बी येत नाही असं नसून आलेलं रुजत नाही असं समजा. तिथे हाताने लावलेलंही त्याच कारणाने जाणार.

कारण बहुतेक वेळा एकच: पाणी फार वेळ राहतं किंवा फार कमी येतं. वनाधिकारी वॉटसनने १९२८ साली मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) कांदळवनांचे भरतीप्रमाणे पाच वर्ग पाडले. महिन्यातून ५६ ते ६२ वेळा, म्हणजे प्रत्येक भरतीला बुडणारी जागा पहिला वर्ग. तिथे जवळपास काही टिकत नाही. २० ते ४५ वेळा बुडणारी जागा तिसरा वर्ग, कांदळाची आवडती. महिन्यातून दोनदासुद्धा पाणी न पोचणारी जागा पाचवा वर्ग. फ्लोरिडात कांदळवनं पुन्हा उभी करणारे शास्त्रज्ञ रॉय लुईस यांनी याचा सुटसुटीत ठोकताळा दिला: वन असलेली जमीन एकूण वेळेच्या साधारण ३० टक्के किंवा त्याहून कमी वेळ पाण्याखाली असते. बाकीचा वेळ उघडी. कांदळ खाऱ्या पाण्यात जगतो हे खरं, पण सतत बुडून नाही. मुळांना श्वास घ्यायला ओहोटी लागते.

आणि लागवडीचे कार्यक्रम कुठे होतात? ओहोटीला उघड्या पडणाऱ्या, सगळ्यात खालच्या चिखलावर. मोकळा दिसतो म्हणून.

तिरपी_लाट

वाचनखूण साठवली. एक शंका. महिन्यातून किती वेळा पाणी येतं हे मोजायला महिनाभर जाऊन बसायचं का? आणि सर्वेक्षणाची यंत्रं नसतील तर?

खारवारा

बसायची गरज नाही. पाण्याचा पृष्ठभाग हीच तुमची लेव्हल. उधाणाच्या भरतीचा, वारा नसलेला दिवस निवडा. ओहोटीला जाऊन जुन्या, सुदृढ वनात पाच-सहा ठिकाणी काठ्या रोवा: पुढच्या कडेला, मधे, मागच्या कडेला, आणि शक्यतो ज्या जातीचं रोप हवंय तिच्या पायथ्याशी. तशाच काठ्या उघड्या जागेत. प्रत्येक काठीला बुंध्यापासून वरपर्यंत गडद रंगाचा खडू फासा. भरती येऊन गेली की खडू धुतला गेलाय तिथपर्यंतची उंची जमिनीपासून मोजा.

समजा वनात कांदळाच्या पायथ्याशी ४० सेंमी पाणी चढलं आणि तुमच्या जागेत त्याच भरतीला ९५ सेंमी. तुमची जमीन ५५ सेंमी खाली आहे. विषय संपला, तिथे लावू नका. फरक १० सेंमीच्या आत असेल तर पुढे बोलता येईल.

दोन ठिकाणी ही पद्धत फसते. एक, वन आणि जागा यांच्यामध्ये बांध किंवा अरुंद मोरी असेल, तर आतलं पाणी बाहेरच्या पातळीला पोचतच नाही, आणि ओहोटीला उतरतही नाही. दोन, लाटा असतील तर खडू वरपर्यंत धुतला जातो. पहिल्या बाबतीत गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या आणि टप्प्याटप्प्याने पातळी बांधावरून पलीकडे न्या. नळीत बुडबुडा राहिला की काही सेंटीमीटरची चूक ठरलेली, म्हणून प्रत्येक टप्प्याला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी बरोबरीत येतंय का बघायचं.

शिंपलाबाई

यंत्र, काठी काहीच नसेल तर जागा स्वतःच सांगते. आधी लावून मेलेल्या रोपांचे दांडे असतील तर ते उपटून बघा. त्यांवर बार्नेकल (खडकांना, होड्यांना चिकटणारे कवचाचे छोटे जीव) चिकटलेले असतील तर जागा खोल आहे, पाणी फार वेळ राहतंय. बार्नेकलच्या वजनाने कोवळा दांडा वाकतो, पानं झाकली जातात, मग लाट त्याला मुळासकट हलवते. लोक ते खरवडून काढायचे कार्यक्रम घेतात. खरवडताना साल निघते आणि रोप वर्षभर आधीच मरतं. बार्नेकल हा रोग नाही, पत्ता चुकल्याची पावती आहे.

उलट बाजूची खूण म्हणजे जमिनीवर पांढरा थर, तडे, आणि खुरटं, गुडघाभर उंचीचं तिवर. तिथे पाणी कमी येतं आणि मीठ साठतं. ३० सेंमी खोल खड्डा करा, झिरपून आलेलं पाणी घ्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं हातातलं उपकरण) थेंब टाका. साध्या समुद्राच्या पाण्याला हजारी ३५ येतं. झिरपलेल्या पाण्याला ७०-८० आलं तर तिवरसुद्धा जेमतेम तग धरेल, कांदळाचं नाव काढू नका. वरच्या डबक्यातलं पाणी मोजून उपयोग नाही, मुळं खालचं पाणी पितात. आधी गोड्या पाण्याने काच शून्यावर आणायची, हे बरेच जण विसरतात.

तिसरी खूण वासाची. पाय रुतल्यावर काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास सगळ्याच कांदळवनात थोडाफार असतो. पण मेलेल्या झाडांच्या मधोमध पाणी तुंबलंय आणि वास डोक्यात जातोय, तर निचरा अडलाय. जवळचा रस्ता, भराव किंवा गाळाने बुजलेली मोरी शोधा. झाडं मेली तिथे कारण सापडेलच असं नाही. ते दोनशे मीटरवरही असू शकतं.

मोजपट्टी

+१. वेस्ट लेकचं उदाहरण इथे यायला हवं. फ्लोरिडातल्या या जागी सुमारे ५०० हेक्टरवर १९८० च्या दशकाच्या शेवटी काम झालं. भराव खरवडून शेजारच्या वनाच्या पातळीला आणला, भरतीच्या पाण्याचे ओहोळ पुन्हा खोदले. कांदळाची रोपं लावावी लागली नाहीत, बी वाहत आलं. पैसा पोकलेनवर गेला, रोपवाटिकेवर नाही. फोटो मात्र रोपवाटिकेचेच चांगले येतात, ही अडचण आहे.

कोरडी_विहीर

मग लावायचंच नाही का काही? हा धागा वाचून कुणी हातपाय गाळून बसेल.

शेंगवाला

लावायचं, पण बी पोचत नसेल तेव्हा. जवळपास फळणारं वन शिल्लकच नाही, किंवा मधे बांध आहे, किंवा हवी ती जात त्या खाडीतून संपली आहे. तेव्हा हे लक्षात ठेवा.

कांदळाची शेंग झाडावरून ओढून काढायची नाही. फळ आणि शेंग यांच्या सांध्यावर पिवळसर कडं दिसायला लागलं की ती तयार झाली; हलक्या हाताने पिळली की सुटते. कडं नसताना तोडलेली शेंग रोवली तर बरेचदा कुजते. खाली पडलेल्या घ्यायच्या तर भोकं पडलेल्या बाजूला काढा, आत पोखरणारी अळी असते. शेंगेचा जाड बोथट भाग खाली, टोकदार कोंब वर. उलट्या रोवलेल्या शेंगांच्या ओळीच्या ओळी असतात, हसू नका. लांबीच्या एक तृतीयांश आत जाईल एवढंच रोवायचं. जास्त खोल गेली तर नवीन मुळांना हवा मिळत नाही, कमी गेली तर पहिल्या उधाणाला तरंगते.

तिवराचं बी एक दिवस पाण्यात ठेवलं की वरचं साल आपोआप सुटतं. मग ते चिखलावर नुसतं दाबायचं, पुरायचं नाही. पुरलं की गेलं. ते फार दिवस साठवताही येत नाही.

चिपी हे कांदळवनातलं तिसरं झाड. तिचं फळ मऊ होऊन पडलं की पाण्यात कुस्करून बी वेगळं करायचं. बी बारीक असतं, थेट खाडीत टाकलं तर वाहून जातं, म्हणून वाफ्यात रोप करून मग न्यायचं. लोकांना कांदळ आवडतो कारण शेंग हातात मावते आणि रोवली की लगेच झाडासारखी दिसते. पण लाटांच्या तोंडावर पहिल्यांदा येणारी झाडं बहुतेक ठिकाणी तिवर आणि चिपी. फिलिपिन्समध्ये नेमकी हीच चूक झाली: तिवर-चिपीच्या जागेवर, आणि त्याहूनही खाली, कांदळ.

रोपवाटिका भरतीचं पाणी वाफ्यात येईल अशा उंचीवर हवी. सुरुवातीला सावली, पण शेवटचा महिना-दोन महिने उघड्या उन्हात. सावलीतून थेट चिखलावर नेलेलं रोप आठवड्यात करपतं. आणि प्लास्टिकची पिशवी फाडून काढा! पिशवीसकट लावलेली रोपं वर्षभर ठीक दिसतात, मग मुळं आतच गुंडाळली जाऊन एका वादळात आडवी होतात. शिवाय ते सगळं प्लास्टिक खाडीत.

मोजपट्टी

दुरुस्ती नाही, पुस्ती: खेकडे. बांधाच्या आतल्या, वरच्या जागांत खेकडे शेंगा कुरतडतात. बांबूची पोकळ नळी शेंगेभोवती रोवली तर बरंच वाचतं. पण नळी नंतर काढावी लागते.

बांधफोड्या

सोडून दिलेल्या कोळंबीच्या तळ्यांबद्दल कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते खरी जागा तीच आहे. तिथे पूर्वी वनच होतं, उंची जवळपास बरोबर असते, लाटांपासून आडोसाही असतो.

मात्र बांध कुठेही फोडायचा नाही. तळी होण्याआधीचा हवाई फोटो किंवा जुना नकाशा मिळवा आणि मूळ ओहोळ बांधाला कुठे छेदत होता ते शोधा. तिथेच फोडा. एकाच बांधाला दहा ठिकाणी भगदाडं पाडली तर पाणी विखुरतं, कुठल्याच तोंडाला वेग येत नाही, सगळी तोंडं गाळाने बुजतात. त्यापेक्षा एक-दोन रुंद तोंडं आणि आत वळणावळणाचा ओहोळ. सरळ खोदलेला चर ओहोटीला पाणी फार वेगाने ओढतो आणि काठ ढासळतात.

बांधाच्या आतल्या अंगाला, बांधाची माती काढली तिथे, चारी बाजूंनी खोल चर असतो. तो बांधाच्याच मातीने बुजवा. नाहीतर फोडल्यावरही त्यात कायम पाणी राहतं आणि मधला भाग बेट होऊन बसतो.

आता सगळ्यात वाईट भाग: आम्ल. कांदळाच्या मातीत गंधक आणि लोहाचं संयुग असतं. पाण्याखाली आहे तोवर निरुपद्रवी. तळं कोरडं पडलं की हवा लागून गंधकाम्ल तयार होतं, सामू (pH) ४ च्या खाली जातो, मातीवर पिवळे डाग आणि पाण्यावर गंजासारखा तवंग. मातीचा चमचाभर नमुना काचेच्या भांड्यात घेऊन त्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. जोरात फसफसून सामू ३ च्या खाली आला तर आत आम्ल दडलेलं आहे. हा प्रयोग हातमोजे आणि चष्मा घालूनच करा, भांडं चटका बसेल इतकं तापतं. जमिनीत शंख-शिंपल्यांचा चुरा असेल तर आकडा फसवतो.

अशा जागी उपाय म्हणजे पाणी परत आणणं आणि भरती-ओहोटीने धुऊ देणं. नवं खोदकाम जेवढं कमी तेवढं बरं, कारण प्रत्येक फावड्यागणिक नवी माती हवेला लागते. आणि साठलेलं पहिलं पाणी एकदम खाडीत सोडू नका, मासे मरतात. मोठ्या उधाणाला, बाहेर भरपूर पाणी असताना, थोडं थोडं.

कोरडी_विहीर

एवढं सगळं ठीक, मग लोक तळी सोडून चिखलावर का लावतात?

शिंपलाबाई

कारण तळ्याला मालक असतो. पडीक असलं, कर्ज बुडालेलं असलं, तरी कागदावर कुणीतरी असतो. ओहोटीच्या चिखलाला सातबारा नसतो, म्हणून तो सगळ्यांचा आणि कार्यक्रमासाठी कुणाचाच नाही. फिलिपिन्समधल्या अपयशाची चर्चा झाली तेव्हा अभ्यासकांनी हेच मांडलं: शास्त्र माहीत नव्हतं असं नाही, योग्य जागा कायद्याने मोकळी नव्हती.

पण चिखल रिकामा नसतोच. शिंपल्या काढणाऱ्या बायका, हाताने खेकडे धरणारे, उथळ पाण्यात जाळं लावणारे यांचं ते रोजचं शेत. पाखरांचंही. हाँगकाँगच्या माय पो इथे चिखलावर उगवलेली कांदळाची रोपं मुद्दाम उपटली जातात, स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्यांना मोकळा चिखल मिळावा म्हणून. हवाई बेटांवर कांदळ मुळात नव्हताच. १९०२ साली मोलोकाईवर गाळ अडवायला आणला, आता तो काढायला खर्च होतोय. समुद्री गवतावर कांदळ लावण्याचे प्रकार तर सर्रास झालेत. चांगलं चाललेलं गवत तुडवायचं आणि त्यात न जगणारी रोपं रोवायची, याला दोन्हीकडून तोटा म्हणतात.

कुठलीही जागा ठरवण्याआधी ओहोटीच्या वेळी तिथे कोण येतं हे आठवडाभर बघा. सकाळ-संध्याकाळ, उधाणाला आणि भांगाला (भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा). सभेत विचारून कळत नाही, कारण चिखलात उतरणाऱ्यांना सभेला बोलावलेलं नसतं.

दूरची_गाज

हवामानाचा मुद्दा मागे पडतोय म्हणून लिहितो. जगभरात समुद्र २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिमी वेगाने चढला. कांदळवन गाळ धरून आणि मुळं वाढवून स्वतःची जमीन उचलतं, पण त्याला मर्यादा आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या गाळावरून काढलेला अंदाज असा की वाढीचा वेग वर्षाला ६ मिमीच्या पुढे गेला की बहुतेक वनं मागे पडतात. आणि हा वेग जागेवरचा धरायचा. जमीन खचत असेल तर तेही त्यात मिळवा.

मागे पडल्यावर वन जमिनीकडे सरकतं. मागे भिंत किंवा रस्ता असेल तर कुठे सरकणार? समोरून पाणी, मागून काँक्रीट, मधला पट्टा दरवर्षी अरुंद. म्हणून आज लावण्यापेक्षा मागची उतरती जागा मोकळी ठेवणं जास्त मोलाचं असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचा फोटो कुणीच काढत नाही.

पाणी कमी झालं तरी वन मरतं, हेही लक्षात असू द्या. ऑस्ट्रेलियात कार्पेंटारियाच्या आखातात २०१५-१६ मध्ये सुमारे १००० किमी किनाऱ्यावर ७४०० हेक्टर कांदळवन वाळलं. अल निनोमुळे तिथली समुद्रपातळी ४० सेंमीपर्यंत उतरली होती, जोडीला दुष्काळ आणि उष्मा.

जमीन उचलली जातेय का हे मोजायची पद्धत: पोलादी सळया एकात एक जोडून, आणखी जाईनात इतक्या खोल ठोकायच्या. वर आडवा हात बसवून चार दिशांना नऊ-नऊ काड्या खाली सोडायच्या, म्हणजे ३६ मोजमापं. शेजारी जमिनीवर फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या भुकटीचा थर पसरायचा. पुढे त्याच्यावर किती गाळ बसला ते छेद घेऊन कळतं. गाळ ५ मिमी बसला आणि काड्यांप्रमाणे जमीन २ मिमीच उचलली, तर ३ मिमी खाली दबली. नुसता गाळ मोजणारे इथे फसतात. आणि मोजताना काड्यांखालच्या चिखलावर पाय पडला तर त्या जागेची सगळी मालिका वाया, म्हणून कायमची फळी टाकून ठेवा.

बांधफोड्या

किनारा आधीच खचलेला असेल तर लाट मोडून गाळ बसवणारं कुंपण करतात. इंडोनेशियात डेमाकला २०१५ पासून हे मोठ्या प्रमाणात झालं. खांबांच्या दोन समांतर ओळी, मधे फांद्यांच्या मोळ्या दाबून बांधलेल्या. पाणी आरपार जायला हवं. भिंत घातली की लाट आपटून पायथा खणते. कुंपणातून गेलेली लाट मंदावते आणि गाळ टाकते. आत पाणी यायला फटी ठेवाव्या लागतात, नाहीतर गाळच येत नाही. पातळी पुरेशी वर आली की तिवर आपोआप येतं.

काय बिघडतं: लाकूड पोखरणारे शिंपलावर्गीय किडे खांब आतून पोकळ करतात, मोळ्या कुजून आणि दबून खाली बसतात, त्या पुन्हा भरायला माणूस नेमलेला नसतो. डेमाकला भूजल उपशामुळे जमीनही खचत होती, वर्षाला काही सेंटीमीटर. त्यापुढे कुठलंही कुंपण तोकडंच. आणि गाळच येत नसेल, वर नदीला धरण असेल, तर कुंपण बांधून नुसतं पाणी अडतं.

तिरपी_लाट

वादळापासून संरक्षण किती, याचे आकडे कुणी देईल का? ‘हिरवी भिंत’ वगैरे ऐकून कान किटले.

मोजपट्टी

वाऱ्याच्या लाटांची उंची १०० मीटर रुंद पट्ट्यात १३ ते ६६ टक्के कमी होते. वादळाने चढलेलं पाणी मात्र दर किलोमीटर रुंदीला ५ ते ५० सेंमीच उतरतं. म्हणजे पन्नास मीटरची झालर रोजच्या लाटांना चांगली, चक्रीवादळाच्या पाण्याला नाही. ती आहे म्हणून निवारा किंवा इशाऱ्याची यंत्रणा नको, असं कुणी म्हणालं तर धागा इथेच दाखवा.

कोरडी_विहीर

आणि कार्बन क्रेडिट? त्यासाठी तर सगळी धावपळ.

दूरची_गाज

हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या जुन्या वनात हेक्टरी सरासरी सुमारे १००० टन कार्बन मोजला गेला, त्यातला बहुतेक चिखलात. तो शतकानुशतकांचा. नवं वन मातीत वर्षाला हेक्टरी साधारण दोन टन घालतं. तेव्हा जुनं तोडून ‘बदल्यात दुप्पट लावू’ हा हिशोब कागदावरच जमतो. केनियात गाझीच्या खाडीतला मिकोको पामोजा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, ११७ हेक्टर. त्यातली लागवड अवघी १० हेक्टर, उरलेलं १०७ हेक्टर उभं नैसर्गिक वन राखायचं. पैसा गावाच्या पाण्याला आणि शाळेला जातो, म्हणून राखणही गावच करतं.

शेंगवाला

शेवटी मोजणीबद्दल एक. ‘८० टक्के रोपं जगली’ असा आकडा दिसला की तीन गोष्टी विचारा. किती महिन्यांनी मोजलं? शेंगेत साठा असतो, त्यामुळे चुकीच्या जागीही ती सहा महिने हिरवी राहते. तीन वर्षांच्या आतल्या आकड्याला अर्थ नाही. मेलेल्या जागी पुन्हा लावलेली रोपं त्यात धरली का? धरली असतील तर टक्केवारी कितीही वर नेता येते. आणि न लावता आलेली रोपं वेगळी मोजली का? ५ बाय ५ मीटरचे कायमचे चौकोन आखा, कोपऱ्यांना खुंट्या ठोका, लावलेल्या रोपांना खूण करा आणि दरवर्षी त्याच महिन्यात जात, उंची, नव्याने आलेली रोपं लिहा. नव्याने आलेली शून्य असतील तर बाहेरून बी तरी येत नाही किंवा आलेलं रुजत तरी नाही. यातलं कुठलं, ते कळेपर्यंत पुढची लागवड थांबवा.